खिडकी, दोर, पेटी, घोडा, बादली

मला फडताळावर ठेवलंय. खरोखरच्या फडताळावर नाही हो. आमच्या छावणीत एखाद्याला त्याच्या कामावरून काढून गोदामात कांबळी सांभाळायला बसवलं की म्हणतात, 'ठेवला फडताळावर'. तीन महिने झाले, मी कांबळी सांभाळतोय. ह्या उकाड्यात कांबळं चोरायला कुणाला वेड लागलंय? पण रोज दार उघडायचं, ढिगाकडे बघायचं, ढिगानं माझ्याकडे बघायचं आणि दार लावायचं. तोफखान्याची पोरं मैदानावरून परतताना मुद्दाम माझ्या खिडकीशी थांबतात आणि एका सुरात ओरडतात, "खिडकी! दोर! पेटी! घोडा! बादली!" आणि खिदळत पुढे जातात. ओरडा लेको, ओरडा. अजून कान शाबूत आहेत तुमचे.

ह्या पाच शब्दांपायी मी इथं आलो. शब्द माझेच, त्यामुळे बोंब तरी कुणाच्या नावानं मारायची?

मला सगळे सुई म्हणतात. चोवीस वर्षं मी इथल्या दवाखान्यात होतो. इंजेक्शन देणं, जखमा बांधणं, वजन-उंची घेणं आणि डॉक्टर येईपर्यंत लोकांना थोपवून धरणं, ही माझी कामं. इथं कुणाला खऱ्या नावानं हाक मारत नाहीत. आमची भाषाच वेगळी. सुट्टीला आम्ही हवा म्हणतो. घरच्या पत्राला सलाईन. नवा भरती झालेला तो कोरा. आचाऱ्याच्या चहाला गढूळ म्हणतात, आणि तो चहा ज्यानं प्यायलाय तो ह्यावर वाद घालणार नाही. डॉक्टर म्हणजे शिक्का, कारण तो शेवटी एवढंच करतो. माणूस मेला तरी मेला म्हणायचं नाही. 'लांबच्या हवेवर गेला' म्हणायचं आणि विषय बदलायचा.

पहिली काही वर्षं मला ह्या भाषेची फार मजा वाटायची. आता संताप येतो. जगातल्या प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे शब्द आहे, फक्त 'दुखतंय' ह्याला नाही. म्हणजे तो शब्द कुणी तोंडातून काढला, की त्या माणसालाच एक शब्द चिकटतो: खेचर. सकाळी दवाखान्यासमोर आजाऱ्यांची रांग लागते ना, ती खेचरांची रांग. ताप असो, पाय मोडलेला असो, रांगेत उभा राहिला की खेचर. कामाच्या वेळी लंगडणारं जनावर, असा त्याचा अर्थ.

आणि हे नाव काढलं कुणी? भोंग्यानं.

भोंग्या तोफेवरचा. कोरा म्हणून आला तेव्हा गोळे वाहायचा, पुढे एका तोफेचा प्रमुख झाला. अंगानं आडदांड, कपडे कडक इस्त्रीचे, आणि आवाज असा की मैदानाच्या ह्या टोकाला त्यानं 'चहा घेतोस का' विचारलं तर त्या टोकाचे लोक 'घेतो' म्हणायचे. त्यावरून भोंग्या. लोकांना वाटायचं, अधिकाराचा आवाज आहे. डोंबल अधिकाराचा! स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू जात नसला की माणूस ओरडूनच बोलतो. पण तेव्हा हे आम्ही कुणी बोलायचो नाही. बोटाचं हाड मोडलं तेव्हा पठ्ठ्यानं दोन काड्या लावून चिकटपट्टी गुंडाळली आणि तसाच कामाला गेला. बावीस वर्षांत एकदाही रांगेत उभा राहिला नाही. रांगेजवळून जाताना मात्र हटकून ओरडायचा, "काय खेचरांनो, आज कोण कोण लंगडतंय?" आणि रांग हसायची. ताप अंगात घेऊन हसायची.

तोफखान्यात कान जातातच. कानात घालायला बोळे मिळतात, नाही असं नाही. पण बोळे घालणाऱ्याला म्हणतात आजीबाई. मग कोण घालणार? कान गेला की म्हणायचं, 'एक कान सरकारजमा केला', आणि तेही छाती फुगवून. भोंग्यानं उजवा दहाव्या वर्षी जमा केला, डावा त्यानंतर हळूहळू. चार माणसांत बसला की सगळे हसल्यावर अर्धा क्षण थांबून हसायचा. समोरच्याच्या ओठांकडे बघायचा. मी हे बघत होतो. बघण्यापलीकडे काय केलं ते आता सांगतो, आणि सांगताना माझा मलाच राग येतोय.

वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी असते. कान तपासायचं यंत्र मोठ्या इस्पितळात आहे. तिथं कुणाला पाठवायचं हे आमच्या दवाखान्यातल्या कुजबुजीवर ठरतं. माणसानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, मी पाच पावलं मागून हळू आवाजात पाच शब्द म्हणायचे, त्यानं ते मोठ्यानं परत म्हणायचे. म्हटले तर पास. चुकला तर मोठं इस्पितळ, तिथून कानाला यंत्र आणि जन्मभराची देखभाल. पण तोफ सुटली, फडताळ आलं. म्हणून चुकायला कुणी तयार नसायचं.

आता एका दिवसात साठ-सत्तर माणसं. प्रत्येकासाठी नवे पाच शब्द कोण शोधणार? पहिल्याच वर्षी मी समोर दिसलं ते म्हटलं: खिडकी, दोर, पेटी. मग घोडा, बादली. पुढच्यालाही तेच. पुढच्या वर्षीही तेच. आळस माझा, दुसरं काही नाही. पण तोफखान्याच्या पोरांनी तो बरोबर हेरला. दोन वर्षांत सगळ्यांना शब्द पाठ. त्याला ते पाढा म्हणायला लागले. आलेल्या कोऱ्याला पहिल्या आठवड्यात तोफेचे भाग शिकवायच्या आधी पाढा शिकवायचे.

एवढ्यानं भागेना, कारण पूर्ण बहिऱ्याला कळणार कसं की माझी कुजबुज झाली आणि आता आपण बोलायचं? त्यावरही तोड निघाली. तपासणीच्या खोलीत जमीन लाकडी फळ्यांची आहे. एक फळी माझ्या उभं राहायच्या जागेपासून थेट भिंतीपर्यंत जाते, आणि ती जरा सैल आहे. प्रत्येक शब्दानंतर मी टाच दाबायची, त्याच्या तळव्याला ते कळायचं, तो शब्द म्हणायचा. पाच झाले की दोनदा टाच. म्हणजे पास, वळ. ही युक्ती भोंग्याची. त्यानं एकदा मला विनवलं होतं, "सुई, तोफ सोडून मी काय कांबळी राखू? तेवढी टाच दाब रे." मी दाबली. मग दुसऱ्यासाठी दाबली, तिसऱ्यासाठी दाबली. पुढे पुढे तर मी काही ठरवतही नसे. शब्द आला की टाच खाली जायचीच. आणि वहीत दरवर्षी माझ्या अक्षरात: दोन्ही कान उत्तम.

भोंग्याची निवृत्ती महिन्यावर आली तेव्हा एके दुपारी त्याची बायको दवाखान्यात आली. मी उकळलेल्या सुया काढत होतो. बाई स्टुलावर बसली, पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "भावजी, ताकाला येऊन भांडं लपवत नाही. ह्यांना नापास करा."

"काय बोलताय वहिनी!"

"शेवटची तपासणी आहे ना? त्यात नापास झाले तर इस्पितळ जन्मभर कान बघेल. पास झाले तर बाहेर पडल्यावर कुणी विचारणार नाही. ठाऊक आहे मला. पाढाही ठाऊक आहे. आरशासमोर उभं राहून घोकतात, मी काय आंधळी आहे?"

मी म्हटलं, "त्यालाच सांगा ना, गप्प राहा म्हणून."

"सांगून सांगून तोंड दुखलं. म्हणतात, बावीस वर्षं खेचर नव्हतो, आता शेवटच्या दिवशी होऊ?" मग जे सांगितलं ते तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं.

त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन दूरच्या शहरात असते. दर रविवारी तिचा फोन येतो. फोन आधी बाप घेतो, ती हौस त्याची. ती जेवलात का विचारते, गुडघा कसा आहे विचारते, आपलं कसं चाललंय ते सांगते. हा ओळीनं म्हणतो: हो, जेवलो. गुडघा बरा. छान छान. आईला देतो. वर्षानुवर्षं तोच क्रम, म्हणून कधी चुकलं नाही. त्या रविवारी मात्र पोरीनं गुडघा विचारलाच नाही. ती रडत होती. म्हणाली, "बाबा, मी ते घर सोडलंय. मैत्रिणीकडे आहे. मला न्यायला या." आणि बाप म्हणाला, "हो, जेवलो. गुडघा बरा. छान छान. आईला देतो."

"माझे हात कणकेत होते," वहिनी म्हणाली. "हात धुऊन येईस्तोवर तिनं फोन ठेवलेला. ह्यांना विचारलं तर म्हणतात, मजेत आहे पोरगी. दोन दिवसांनी तिच्या मैत्रिणीनं मला कळवलं. दोन दिवस, भावजी! मी धावत गेले तर लेक मला काय म्हणाली? म्हणाली, बाबांना सांगितलं होतं, ते छान म्हणाले."

"भोंग्याला सांगितलंत हे?"

"कागदावर लिहून दाखवलं. वाचलं. उठून दाराला पाठ करून बसले. जेवले नाहीत. आणि सकाळी परत आरशासमोर, खिडकी, दोर, पेटी." तिचा आवाज चढला. "तुम्ही शब्द बदला भावजी. पाच शब्द. दुसरं काही मागत नाही."

मी हो म्हटलं. बाईसमोर दुसरं काय म्हणणार? पण ती गेल्यावर मी वही उघडली. मागच्या वर्षी दोन्ही कान उत्तम, त्याच्या मागच्या वर्षी उत्तम, आणि आता एकदम ठार बहिरा? कुणीही विचारेल, वहीत कुणाचं अक्षर? माझं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यात जुना शिक्का जाऊन नवीन डॉक्टर बाई आलेल्या. वयानं लहान, पण कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या, आणि असला माणूस आमच्याकडे साथीच्या रोगापेक्षा धोक्याचा समजतात.

मी भोंग्याला तोफांच्या शेडमध्ये गाठला. तो आपल्या तोफेची नळी पुसत होता, नव्या प्रमुखाकडे द्यायची म्हणून. मी समोर उभा राहिलो, ओठ दिसतील असा, आणि म्हणालो, "भोंग्या, पाढा म्हणू नकोस. गप्प उभा राहा."

"का?" शेड दणाणली.

"पोरीसाठी."

त्यानं फडकं पिळलं. परत पिळलं. मग त्याच्या मते हळू आवाजात, म्हणजे फक्त शेजारच्या दोन तोफांना ऐकू जाईल इतक्या, म्हणाला, "आणि तुझी वही? मी गप्प राहिलो तर तुझी मान जाते सुई. माझी तोफ तू बारा वर्षं राखलीस. मी पाढा म्हणणार आणि बाहेर पडणार. बायकोला काय कळतंय त्यातलं!"

"अरे पण तुझे कान..."

"सरकारजमा!" तो म्हणाला आणि हसला. ह्या वेळी मी हसायची वाट न बघता, अर्धा क्षणही न थांबता.

असा राग आला मला! स्वतःच्या लेकीचं रडणं ह्याला ऐकू येत नाही, आणि हा माझी मान सांभाळतोय. कुणी सांगितलं होतं? पण खरं सांगू? रागाच्या तळाशी थोडं हायसं वाटलं होतं. तो पाढा म्हणणार असेल तर आपला काय दोष, असं मनात येऊन गेलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला अजून वाटते.

तपासणीच्या दिवशी वहिनी बाहेर बाकावर बसली होती. दार उकाड्यामुळे उघडंच. आत डॉक्टर बाई खिडकीजवळच्या टेबलाशी, पुढ्यात भोंग्याची फाइल. वजन झालं, डोळे झाले, गुडघा वाकवून झाला. "गुडघा दुखतो?" बाईंनी विचारलं. त्यानं ओठ वाचले आणि म्हणाला, "नाही, साहेब." त्यांना सगळेच साहेब म्हणायचे.

"आता कान," बाई म्हणाल्या.

भोंग्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. टाचा जुळलेल्या, पाठ ताठ, मानेवर ताज्या कापलेल्या केसांची रेघ. डाव्या कानात बोट घातलं. मी पाच पावलं मागे, माझ्या फळीवर. सकाळपासून मी नवे शब्द घोकत होतो: छत्री, चमचा, विहीर, टोपी, लेक. साठीकडे झुकलेला माणूस पाच शब्द घोकतोय, कुणी बघितलं असतं तर म्हणाला असता, ह्याला झालंय काय.

"छत्री," मी कुजबुजलो.

"खिडकी!" भोंग्या गरजला.

मी दचकलो. ह्याला बोलायचं कळलं कसं? आणि खाली बघितलं तर माझी टाच फळीवर दाबलेली. मी दाबली नव्हती हो. म्हणजे दाबली होती, पण मी नव्हती दाबली. शब्द बदलले, टाच बदलायचं डोक्यातच आलं नाही. बारा वर्षांची सवय, तोंडाबरोबर पाय गेला.

आता थांबायला हवं होतं. पण बाई बघत होत्या, आणि माझी जीभ पुढे गेली. "चमचा." टाच. "दोर!" "विहीर." टाच. "पेटी!" प्रत्येक वेळी मी पाय उचलून धरायचं ठरवत होतो आणि प्रत्येक वेळी तो मेला खाली जात होता. "घोडा!" आणि शेवटी मी म्हणालो, "लेक."

"बादली!"

बाई टेबलाशी होत्या, माझी कुजबुज त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. त्यांनी ऐकले ते फक्त पाच ठणठणीत शब्द, खणखणीत आवाजात, एकही न अडखळता. त्यांनी पेन उचललं. "पाचही बरोबर?"

एवढंच विचारलं. बरोबर म्हटलं असतं तर संपलं होतं. वहीशी जुळलं असतं, मागच्या सगळ्या वर्षांशी जुळलं असतं. तो ताठ मानेनं बाहेर पडला असता, मी दोन वर्षांनी त्याच्या मागून. जिभेच्या टोकावर होतं ते. उघड्या दारातून मला वहिनीचे हात दिसत होते, मांडीवर एकात एक घट्ट धरलेले.

"चूक," मी म्हणालो. "पाचही चूक, साहेब."

बाईंनी मान वर केली. मी सगळं सांगून टाकलं: शब्द, पाढा, फळी, टाच, वही. भडाभडा बोललो, आवाजही खाली ठेवला नाही. भोंग्या पाच पावलांवर उभा होता, भिंतीकडे तोंड करून, आणि त्याच्या पाठीमागे मी त्याची बावीस वर्षांची अब्रू मोडीत काढत होतो. त्याची पाठ हललीसुद्धा नाही.

बाईंनी त्याच्याकडे बघून मोठ्यानं हाक मारली, "हवालदार!" काही नाही. टेबलावर हात आपटला. काही नाही. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तीन महिने झाले तरी ती नजर मला गोदामात दिसते. मग फाइलमधून मोठ्या इस्पितळाचा कागद काढला आणि लिहायला लागल्या. लिहून, सही करून, शिक्का मारून झाला. तोवर तो तसाच उभा, बोट कानात.

"त्यांना वळायला सांगा," बाई म्हणाल्या.

सांगणार कसं? माझ्याकडे एकच भाषा होती. मी दोनदा टाच दाबली.

पास, वळ.

तो वळला. घामानं चेहरा चमकत होता, डोळे हसत होते. आपण सुईची मान वाचवली, असं लिहिलं होतं त्या तोंडावर. "काय रे सुई!" तो गरजला. "झालो ना?"

मला त्याच्या ओठांसमोर ओठ न्यायला हवे होते, हळू आणि नीट बोलायला हवं होतं. पण मला वर बघवेना. मी त्या सैल फळीकडे बघत म्हणालो, "नापास झालास भोंग्या. मी केलं तुला नापास."

"छान छान," तो म्हणाला, आणि बाकावर बसलेल्या बायकोला हात केला.